जोमा गायकरची सात मतं

हरिहर आगाशे यांनी ठाण्याच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं इतिहास शिकवला आणि एवढ्या काळात कुणाचंही वाकडं केलं नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाला ते सहसा जमतही नाही. ज्यांच्याबद्दल तो बोलतो ती माणसं आधीच गेलेली असतात, आणि ज्यांच्याशी बोलतो ती मागच्या बाकावर पेंगत असतात. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी नौपाड्यातल्या घरी बसून मोडी लिपी शिकायला घेतली.

कारण आजोबांच्या वह्या. आजोबा दाजीसाहेब आगाशे कल्याणचे नावाजलेले वकील. देशभक्त, हजरजबाबी, आणि आगाशांच्या घराण्यात ज्याचा फोटो बाहेरच्या खोलीत लावावा असा एकमेव माणूस. ते रोजची हकिगत मोडीत लिहून ठेवत. अशा तेहेतीस वह्या. हरिहररावांच्या वडिलांना मोडी येत नव्हती, म्हणून त्यांनी दर दसऱ्याला त्या वह्यांची पूजा केली. हरिहररावांनी त्या वाचायचं ठरवलं. वडील जास्त शहाणे होते.

चौथी वही संपत आली होती तेव्हा हितेश गायकर आला. तिशीतला तरुण, गळ्यात जाड साखळी, बाहेर लावलेली पांढरी गाडी एवढी मोठी की सोसायटीच्या वॉचमनने तिला सलाम केला होता. डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला त्यांच्या शेतांवर आता सात इमारती उभ्या होत्या. तो सोफ्याच्या अगदी कडेला टेकला.

"सर, एक सर्टिफिकेट पायजेल होतं."

"कशाचं?"

"आमच्या आबांच्या आजोबांचं. म्हणजे माझे खापरपणजोबा. ते इलेक्शनला उभे होते. एकदम पहिल्या. इंग्रजांच्या टायमाला."

"एकोणीसशे वीसच्या?" हरिहररावांनी चष्मा काढला. विषय निघाला की ते आधी चष्मा काढत. कॉलेजातली मुलं त्याला धोक्याची सूचना म्हणत.

"हां, तेच. आबा तर बोलतात पेशवे गेले त्याच्यानंतरचं पहिलं."

चौकाचं प्रकरण होतं. मानपाड्याला चार रस्ते मिळतात तिथे काँक्रीटचं वर्तुळ झालं होतं, मधोमध एक कारंजं होतं, ज्यातून पाणी येणं अजून बाकी होतं. त्याला कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. काळुराम गायकर, म्हणजे हितेशचे आबा, यांनी अर्ज केला होता: पहिल्या कायदेमंडळाच्या निवडणुकीतील उमेदवार कै. जोमा गायकर चौक. पालिकेच्या कार्यालयाने सांगितलं की इतिहासाच्या जाणकाराचा दाखला जोडा.

"आबा चौऱ्याऐंशीचे आहेत, सर. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काय मागितलं नाय. बिल्डिंगला माझं नाव दिलं, मंदिराला देवाचं. हे एकच बोलतात, आज्याची पाटी बघून मरेन. तुम्ही एकदा येता का? त्यांच्याकडून ऐकता का?"

हरिहरराव गेले. डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला त्यांनी हितेशने दिलेला पत्ता वाचून दाखवला. इमारत, विंग, लँडमार्क. रिक्षावाला म्हणाला, "एवढं कशाला? उमेदवाराचं घर बोला ना."

शंभर वर्षांपूर्वी माणूस एकदा उभा राहिला आणि घराला नाव पडलं. पुढे त्या गावातून नगरसेवक झाले, सभापती झाले, एक जण तर थोडक्यासाठी मंत्री व्हायचा राहिला. पण त्यांची घरं पाटील आळीतली किंवा देवळामागची. 'उमेदवार' एकच.

काळुराम ओट्यावरच बसले होते. इमारती झाल्या तरी त्यांनी जुन्या घराचा ओटा पाडू दिला नव्हता. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, बसण्यात एक ताठपणा. हा ताठपणा जमिनीला भाव आल्यावर येतो तसला नव्हता. तो आधीपासूनचा होता.

"तुमी कल्यानचं आगाशे?" त्यांनी विचारलं. "वकील आगाशे तुमचं कोन?"

"आजोबा."

म्हातारा उठून उभा राहिला. गुडघ्यांना ते पटलं नाही, पण राहिला. आत हाक मारली, "शकू, बग कोन आलंय. आगाशे वकिलाचा नातू." त्यांची बायको शकूबाई पदर सावरत बाहेर आली आणि हरिहररावांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी गडबडून तिलाच नमस्कार केला.

"तुमच्या आज्यानं आमच्या आज्याला उभा केला," काळुराम म्हणाले. "तुमाला म्हाईत नाय?"

हरिहररावांना माहीत नव्हतं. विसाव्या सालची वही अजून यायची होती.

मग काळुरामांनी सांगितलं. त्यांनी ते आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलं होतं आणि पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं सांगत आले होते, त्यामुळे त्यात आता एकही शब्द इकडचा तिकडे होत नसे. कल्याणहून दोन बैलगाड्या आल्या. पाच वकील. असल्या मोठ्या लोकांनी मानपाड्यात पाय ठेवायची ती पहिली वेळ. जोमाच्या ओट्यावर बसले. म्हणाले, जोमा, सरकार कौन्सिल भरवतंय, तू उभा रहा. जोमा म्हणाला, दादा, मला लिहिता येत नाय. ते म्हणाले, कौन्सिलात लिहीत नाहीत, बोलतात. डोक्याला फेटा बांधला. अंगठा घेतला.

"महिनाभर आजा गावं फिरला. त्या वक्ताला मत सगल्यांना कुटं? ज्याचा शेतसारा मोटा त्याला. पाच गावांत मिलून एकतीस मानसं. तो एकतीस घरांत गेला, एकेक घरी तीन-तीन वेला. मी येतो मत मागाया, असं नाय बोलायचा. बोलायचा, मी तुमचा आवाज घेऊन जातो, देता का?"

"आणि निकाल?"

"पडला." काळुराम हसले. "पडायचाच. तो सोताला मत नाय दिला."

"म्हणजे?"

"वाडनारा कंदी आदी आपल्या ताटात घेतो का?" शकूबाई दारातून म्हणाली. तिलाही गोष्ट पाठ होती. "मामंजी सांगायचे. आज्यानं आपलं मत समोरच्याला दिलं. बोलला, मी उभा हाय तर मी यजमान. पंगतीत यजमान शेवटी."

हितेश कौतुकाने बघत होता. हरिहररावांनी वहीत सगळं उतरवून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, शीलाताईंना, सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा इतिहास त्यांना चहा आणि पोहे देऊन भेटला. शीलाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्या म्हणाल्या, "मग आता दाखला लगेच देऊन टाका. पोहे खाऊन माणसाला ताटकळत ठेवू नये."

पण हरिहररावांना पुरावा हवा होता. तोंडी हकिगत आणि दप्तर यांचा मेळ बसला पाहिजे, हे त्यांनी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. शिवाय आपल्या आजोबांनी एका निरक्षर शेतकऱ्याला उमेदवार केलं, फेटा बांधला, ही गोष्ट त्यांना स्वतःलाही हवी होती. कुणाला नको असेल? त्यांनी मधल्या वह्या बाजूला ठेवून विसाव्या सालची काढली. तिच्या आत छापील मतदारयादीसुद्धा घडी करून ठेवलेली सापडली. तालुक्याची, गाववार. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शीलाताईंना स्वयंपाकघरातून बोलावून ती दाखवली. त्यांनी कणकेचे हात वर धरून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऑक्टोबरच्या पानांवर पोचले.

दाजीसाहेबांचं अक्षर सुरेख होतं. मोडीत असं अक्षर क्वचित मिळतं. एकदा हात टेकला की ओळ संपेपर्यंत उचललेला नाही.

'कौन्सिलावर बहिष्कार हा ठराव झालाच आहे. परंतु नुसते घरी बसण्यात मौज नाही. सरकारास तमाशा भरवावयाचा आहे तर तमाशास शोभेसा गडी आपणच पुरवावा, अशी कल्पना मी मांडली. सर्वांस पसंत. मानपाड्याचा जोम्या आगरी सापडला. अक्षरशत्रू. त्यास फेटा बांधला तेव्हा हसू आवरेना.'

हरिहररावांनी ते पुन्हा वाचलं. मोडीत काना-मात्रांचा घोळ होतो, नवशिक्या माणसाची चूक होऊ शकते. चूक झालेली नव्हती.

'जोम्या खरोखरच मते मागत हिंडतो. आज ओटीवर बोलावून त्याजकडून भाषण करविले. कौन्सिलात जाऊन काय करशील विचारता म्हणाला, उधाणाचे पाणी खालच्या गावांच्या शेतांत शिरते, सरकारकडे बांध मागीन. आमचा मुनीम गव्हर्नरसाहेब झाला व त्याजपुढे जोम्याने हात जोडून बांध मागितला. हसून पोट दुखले.'

आणि नोव्हेंबरच्या शेवटी:

'निकाल. जोम्यास सात मते. हे सात महामूर्ख कोण, ते गुप्त मतदानामुळे समजण्यास मार्ग नाही. सायंकाळी जोम्या आला, पाया पडला. म्हणाला, दादा, तुमच्यामुळे माणसांत आलो. मी म्हटले, पुढच्या खेपेस पुन्हा उभा रहा. सर्वांस हसू.'

त्याखाली त्या दिवशी आंबेमोहोर तांदूळ कुणाकडून आला आणि खोकला कमी आहे, एवढं होतं. जोमा गायकर त्यानंतर वहीत परत आला नाही.

हरिहररावांनी वही मिटली. बाहेरच्या खोलीतला फोटो त्यांच्या खुर्चीतून दिसत होता. दाजीसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक किंचित हसू होतं, ज्याला घरातले सगळे आजवर प्रसन्नपणा म्हणत आले होते.

शीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुमच्याकडे त्यांनी मागितलंय काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दाखला. जोमा गायकर एकोणीसशे वीसच्या निवडणुकीत उमेदवार होते असा."

"होते का?"

"होते."

"मग तेवढं लिहा."

"ते अर्धं सत्य आहे, शीला."

"बाकीचं अर्धं आगाश्यांच्या घरातलं आहे. ते घरात ठेवा. शंभर वर्षं राहिलं, अजून राहील. मोडी येते कुणाला?"

मुद्दा हाच होता. मोडी कुणालाच येत नव्हती. हरिहररावांनी चष्म्याचे दोन नंबर वाढवून ती शिकली नसती तर जगात एकाही माणसाला हे कळलं नसतं. आता एकाला कळलं होतं, आणि त्याला ते एकट्याला सोसत नव्हतं. ते म्हणाले की माणसाने माफी मागितली पाहिजे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून नव्हे, त्या घराण्याचा वंशज म्हणून.

"कुणासाठी मागणार?" शीलाताई म्हणाल्या.

"त्यांच्यासाठी."

"बघा हं," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

खरं सांगायचं तर तोवर हरिहररावांच्या मनात प्रसंग पुरा बसवून झाला होता. ते हात जोडतील. काळुराम क्षणभर गप्प राहतील. मग खांद्यावर हात ठेवून म्हणतील, जाऊ द्या मास्तर, त्यात तुमचा काय दोष. मग दोघांचे डोळे भरतील, आणि शतकभराचं एक काहीतरी मिटेल. दोन दिवसांत त्यांनी या प्रसंगाची इतकी उजळणी केली की त्यात काळुरामांना नकार द्यायला जागाच उरली नव्हती.

दाखलाही त्यांनी तयार करून नेला होता. तीन ओळी, सही, शिक्का. तो आधी दिला. हितेशने मोठ्याने वाचला, शकूबाईने कपाळाला लावला, आणि काळुराम त्या कागदाकडे नुसते बघत राहिले. इथे उठून निघालं असतं तर चाललं असतं.

"अजून एक सांगायचं आहे," हरिहरराव म्हणाले आणि पिशवीतून वही काढली.

"आज्याचं लिवलंय त्यात?" काळुराम पुढे सरकले. "वाचा. वाचा, मास्तर. शकू, बस हितं."

हरिहररावांनी आधी प्रस्तावना केली. काळ वेगळा होता, बहिष्काराचं राजकारण होतं, सुशिक्षित वर्गाला एक प्रकारचा अहंकार होता. ते अर्धा तास बोलले असते, पण काळुराम म्हणाले, "ते कॉलेजात. हितं लिवलेला वाचा."

त्यांनी वाचलं. मोडीतून वाचायचं म्हणजे सावकाश, शब्द जुळवत, त्यामुळे 'तमाशास शोभेसा गडी' हे शब्द एकेक करून पडले. ते 'आगरी' या शब्दापाशी अडखळले आणि पुढे गेले. हितेशने मोबाईल खिशात ठेवला. गव्हर्नर झालेला मुनीम आला. बांध आला. पोट दुखलं. सात मतं आली, महामूर्ख आले. 'तुमच्यामुळे माणसांत आलो' हे वाचताना हरिहररावांचा आवाज फुटला, आणि या क्षणी सुद्धा त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटलं की आवाज योग्य जागी फुटला.

"मी आमच्या घराण्यातर्फे," त्यांनी सुरुवात केली.

काळुरामांनी हात वर करून थांबवलं.

"बांदाचं परत वाचा."

त्यांनी बांधाचं परत वाचलं.

"हां," काळुराम म्हणाले. "बांदाचा त्यो आमाला कंदी बोलला नाय." ते ओट्याच्या कडेला बघत होते. तिथून पूर्वी शेतं दिसत असणार. आता इमारतीच्या पार्किंगची भिंत दिसत होती. "पानी शिरायचाच. माज्या बापाच्या वक्ताला पन शिरायचा." मग थोड्या वेळाने, "आज्याला कलला व्हता का? ते हसत व्हते ते?"

इथे हरिहररावांना आणखी एक संधी होती. कळलं होतं, असं ते म्हणू शकले असते. कळूनही ते हिंडले, त्यांनी हसणाऱ्यांचीच जिरवली, असं वहीत वाचल्याचा आव आणून सहज म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. पण त्यांनी पुराव्याबाहेर एक शब्द न बोलण्याची सवय चौतीस वर्षं जोपासली होती.

"नाही," ते म्हणाले. "वहीवरून तरी तसं दिसत नाही."

"मंग बापाला पन नाय."

"नसावं."

काळुरामांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम लहान दिसायला लागले.

"आजा सुकानं वर जेला," ते म्हणाले. "बाप पन. हे ऐकाया मलाच ठेवला व्हता."

शकूबाई दाखल्याचा कागद हातात धरून उभी होती. तो ठेवायचा कुठे हे तिला कळेना, म्हणून ती आत गेली. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. कुणी काही तोडूनही बोललं नाही. काळुराम फक्त म्हणाले, "हितेश, मास्तरांना सोडून ये. ऊन हाय."

शीळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. हितेशने हॅण्डब्रेक ओढला.

"सर, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"मला एकट्याला साइडला घेऊन सांगितलं असतं तर?"

खरं म्हणजे हितेश हरिहररावांनी मनात बसवलेल्या प्रसंगात कुठे नव्हताच.

"मी शिव्या घातल्या असत्या तुमच्या आजोबांना," हितेश म्हणाला. "तुम्हालापण घातल्या असत्या, दोन-चार. आणि मग पाटी लावली असती. विषय खतम. आता मी घरी जाऊन त्यांच्याशी काय बोलू, ते सांगा."

"त्यांना सांग की ते सगळं खरं असलं, तरी जोमाजी खरे उमेदवार होते. त्या निवडणुकीत खरा उमेदवार तेवढा एकच..."

"सर, प्लीज."

पुढची गाडी हलली.

आठ दिवसांनी हितेशने मेसेज करून कळवलं की आबांनी चौकाचा अर्ज मागे घेतलाय. दाखल्याबद्दल थँक्यू. हरिहररावांनी फोन केला तो त्याने उचलला नाही. त्यांनी दाजीसाहेबांचा फोटो उतरवला. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला, तो फोटोपेक्षा जास्त लक्ष वेधून घेऊ लागला. शीलाताईंनी तिथे कॅलेंडर लावलं. 'मी सांगितलं होतं' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि हरिहररावांना ते म्हटलेलं परवडलं असतं.

तीन आठवड्यांनी हितेशचा फोन आला.

"सर, आबा ओट्यावर बसत नाहीत हल्ली. आतच असतात. जेवतात बिवतात, पण बोलत नाय. देवळात भजनाला जायचे ते पण बंद. काल एकदम बोलले, मास्तरला विचार."

"काय विचारायचं?"

"ती सात मतं कुणाची होती. ते तुमच्या वहीत असेल का, असं. बोलले, पाच वकील हसत होते ते कळलं. पण सात जण नव्हते हसत. ते कोण?"

हरिहररावांनी वही पुन्हा उघडली. काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं, तरी उघडली. पुढची पानं वाचली, मागची वाचली, एकविसाव्या सालची वही अर्धी वाचली. मग मुंबईच्या दप्तरखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत की. मतपत्रिका ठेवत नाहीत. गुप्त मतदान." शेतसारा भरणाऱ्यांना सरकारने पहिल्यांदाच मताचा अधिकार दिला होता, आणि तो कसा वापरला हे कुणाला कळू न देण्याचाही. सरकारने फारच थोड्या गोष्टी चोख केल्या. त्यांतली ही एक.

सात माणसं होती. एवढं खरं होतं. एकतीस जणांतली सात. आपलं नाव यादीत आहे, म्हणून धुतलेलं धोतर नेसून चालत गेलेली, आणि जोमाचा आवाज खरा वाटलेली सात माणसं. ती खरी होती, नावं तेवढी नव्हती.

आणि नावं तर यादीत होती.

हरिहरराव दुपारभर ती यादी पुढे घेऊन बसले. शीलाताई दोनदा येऊन गेल्या. पाच गावांची एकतीस नावं छापील होती. त्यांतली सात निवडायची. त्यांनी निवडली तीसुद्धा पद्धतशीर. एका गावची सगळी घेतली नाहीत, एका आडनावाची दोनच घेतली, एक मानपाड्याचाच शेजारी ठेवला. कोऱ्या कागदावर क्रमाने लिहिली. चौतीस वर्षांत त्यांनी ज्या गोष्टीसाठी मुलांना नापास केलं होतं ती ते स्वच्छ अक्षरात करत होते. मग त्यांनी फोन लावला. हितेशने उचलला आणि थेट आबांच्या हातात दिला.

"मास्तर," काळुरामांचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "गावली?"

"सापडली. दुसऱ्या वहीत होती. सातही."

"वाचा. सावकाश वाचा."

"चांगो म्हात्रे."

"चांगो म्हात्रे," काळुराम म्हणाले. थांबले. "हां. त्याची पोरगी आमच्यात दिली व्हती. दिला असंल. पुढं."

"हिरू भोईर."

"हिरू. बरा मानूस व्हता म्हनायचं."

"राघो माळी."

"माल्यांचा राघो." आवाज थोडा जवळ आला. मागे शकूबाई कुणाला तरी 'ऐक, ऐक' म्हणत होती.

"बुधाजी केणे."

फोनवर काही आलं नाही.

"आबा?"

"बुदाजीशी तर बांदावरनं कज्जा व्हता," काळुराम सावकाश म्हणाले. "आजा मरंस्तोर त्याच्या घरचं पानी पिला नाय. त्यानं मत दिला?"

"गुप्त मतदान असतं ना," हरिहरराव म्हणाले. "भांडण असलं तरी माणूस आत गेल्यावर... मनातून मानत असेल."

"असंल," काळुराम म्हणाले. त्यांना ते हवं होतं, हे ऐकू येत होतं. "असंल बाबा. मानत असंल. आनि आमी इतकी वर्सं त्याच्या पोरांशी बोललो नाय. पुढं?"

हरिहररावांनी इथे थांबायला हवं होतं. पण सात म्हटलं होतं.

"पांडू ठाकूर."

"पांडू."

"धर्मा गायकर."

मागचा शकूबाईचा आवाज बंद झाला.

"धर्मा म्हंजे आज्याचा भाव," काळुराम म्हणाले. "सक्का. तो मानमोडीच्या तापाच्या सातीत जेला. मत पडायच्या दोन वर्सं आदी. आजा सांगायचा, त्या वक्ताला खांदा द्याया मानसं नव्हती, त्यानं एकट्यानं नेला त्याला. पाठीवर घेऊन."

यादीत मेलेली माणसं असतात, हे हरिहररावांना इतिहासाचा प्राध्यापक म्हणून नव्हे, साधा मतदार म्हणून ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. दुसरा धर्मा असेल, असं म्हणायचं होतं. छापील चूक असेल, असं म्हणायचं होतं. समोर कागदावर सातवं नाव होतं आणि त्यावर त्यांचं बोट होतं.

काळुराम रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार हळू बोलले, जवळजवळ हरिहररावांची समजूत काढावी तसं.

"तुमी पन, मास्तर?"

सातवं नाव त्यांनी विचारलं नाही.